पांढरा साका

तहसीनला स्कूटर उत्तम चालवता येत होती, तरी तलावावर जायचं म्हटलं की कमरुद्दीन दुकान श्रावणच्या हवाली करून तिच्याबरोबर निघायचे. तिच्या पीएचडीच्या पाच वर्षांत बापलेकीने सावली तालुक्यातले एकेचाळीस मालगुजारी तलाव पालथे घातले. जुन्या काळच्या मालगुजारांनी धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले हे तलाव. तहसीन गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरायची आणि अब्बा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, वहीत आकडे लिहायचे. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत. पण संध्याकाळी मशिदीबाहेर ते दोस्तांना सांगायचे, "आज पीएच साडेआठ निघाला," आणि दोस्त काळजीने त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

सावलीच्या मुख्य रस्त्यावर कमरुद्दीनचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचं औषध. बत्तीस वर्षांचं दुकान. शेतकरी धानाचं पिवळं पडलेलं पान खिशातून काढून गल्ल्यावर ठेवायचे. कमरुद्दीन ते पान उजेडाकडे धरून पाहायचे, घरच्यांची खुशाली विचारायचे आणि काय टाकायचं ते सांगायचे. त्यांनी सांगितलं की लोक ते टाकायचे. कृषी सहायकाचं ऐकणार नाहीत, पण कमरुद्दीनभाऊंचं ऐकतील.

दुकानाचा आणि तलावांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं. तहसीनला तो दिसत होता. तिच्या प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. पण प्रबंध इंग्रजीत होता. अब्बांनी त्याला हिरव्या मखमलीचं कव्हर शिवून घेतलं होतं, आल्यागेल्याला तो दाखवत होते, आणि वाचला मात्र नव्हता.

पुढे तहसीन गडचिरोलीच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागली. रोज सकाळी बसने वैनगंगेचा पूल ओलांडायची, संध्याकाळी परत यायची. अशात एका ऑक्टोबरात, धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, मीराबाई तिच्या विभागात येऊन उभ्या राहिल्या. मीराबाई कोसमटोल्याच्या ढिवर बायांच्या मासेमारी संस्थेच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, काटक, आवाज मोठा. हातात नायलॉनची पिशवी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

"तहसीनबाई, हे पाह्य." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. आत चार कतले मासे होते, प्रत्येक हातभर लांब. तोंडं उघडी. "सकारी पाहतो त सारा तलाव पांढरा. असेच पडून होते. आता आमी का करावं?"

"मरळ पण मेली?"

मीराबाईंनी आठवून पाहिलं. "नाई. मरळ जित्ती आहे. काऊन?"

तहसीनने एक कतला उचलून त्याचे कल्ले पाहिले. मरळ पाण्याच्या वर येऊन हवा घेऊ शकते. कतल्याला ते जमत नाही. विष एकटंच असतं तर मरळही मेली असती. इथे आधी श्वास कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला ती कोसमटोल्याला निघाली, तेव्हा कमरुद्दीन सवयीने पायात चपला सरकवत होते.

"आज नको, अब्बा. मीराबाई आहेत तिथी."

"मीराबाई आकडे लिहील का?"

"मी लिहीन."

ते चपला काढून आत गेले. शमीमने, तहसीनच्या अम्मीने, स्वयंपाकघरातून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं आणि डब्यात दोन पराठे जास्त ठेवले.

तहसीन ओळीने सहा दिवस पहाटे गेली. तलावाचं पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं झालं होतं. वरच्या अंगाला तीनशे एकरांवर हायब्रीड धान उभं होतं. पूर्वी तिथे पावसाळी धान निघालं की लाखोळीचं कडधान्य पडायचं. आता उन्हाळीसुद्धा धानच. एकरी चार-चार गोण्या युरिया, आणि खोडकिडीसाठी दाणेदार औषध, दोनदा. त्या बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं पाणी नाल्याने थेट तलावात उतरत होतं. युरियावर शेवाळ माजलं होतं आणि अंधारात ते शेवाळच पाण्यातला सगळा प्राणवायू पिऊन टाकत होतं. तिने पाणी नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्यात दाणेदार औषध निघालं. मग तिने पाळीखालच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी तपासलं. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत असायला हवं होतं. ते ब्याण्णव होतं.

औषध कुठल्या पिशवीतलं आहे हे तिला प्रयोगशाळेने सांगायची गरज नव्हती. ती पिशवी अब्बांच्या दुकानात दाराशीच रचलेली असायची.

एकदा जेवताना तिने विषय काढून पाहिला. "अब्बा, कोसमटोल्यात खत-औषध जरा जास्तच पडून राह्यलं, नाई?"

"कोसमटोला?" कमरुद्दीनचा चेहरा खुलला. "आपलं सगळ्यात चांगलं गाव हाये ते. दसरू त माह्या भावासारखा. त्याच्या धानाची लोंबी पाह्यली का तू यंदा?"

ते इतके खूश होऊन सांगत होते, की तहसीनने भात कालवला आणि खाल्ला.

इकडे गावात भांडण पेटलं. बाया म्हणाल्या, वावरवाल्यांनी आमचा तलाव मारला. वावरवाले म्हणाले, बायांनीच मासे पकडायला काहीतरी टाकलं असेल. शेवटी सरपंच अन्नपूर्णाबाईंनी रविवारी सकाळी सात वाजता सभा बोलावली, तीही ग्रामपंचायतीत नाही, तलावाच्या पाळीवर. "ज्याले जे दाखवाचं ते तिथीच दाखवा," त्या म्हणाल्या.

तहसीन पोचली तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. आणि पिंपळाखाली अब्बांची स्कूटर उभी होती.

औषधातलं जाणणारा माणूस म्हणून दसरूने त्यांना बोलावून घेतलं होतं. दसरू वरच्या अंगाचा मोठा शेतकरी, पांढऱ्या मिशांचा, शब्दाला वजन असलेला. कमरुद्दीन त्याच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. मुलीला पाहून त्यांनी हात हलवला. आपल्या मुलीचं बोलणं ऐकायला लोक जमले आहेत याचाच त्यांना आनंद झालेला दिसत होता. आज तब्येत बरी नाही म्हणावं, असं एक क्षण तहसीनला वाटलं. मग मीराबाईंनी तिच्या हातातली तपासणीची पेटी घेऊन ओट्यावर ठेवली.

तिने भाषण केलं नाही. दोन काचेच्या बाटल्या काढल्या. एक तिने घाटावर वाकून तलावाच्या पाण्याने भरली. दुसरी नुकतीच जंगलातल्या बोडीतून, छोट्या तळ्यातून भरून आणलेली होती, शेतांच्याही वर, जिथे कोणी काही पेरत नाही तिथून. दोन्हींत तिने दोन रसायनांचे थेंब सोडले, झाकणं लावली आणि बाटल्या हलवून दगडावर ठेवल्या.

"पाण्यात प्राणवायू असला त तपकिरी साका बसते," ती म्हणाली. "नसला त पांढरा."

बोडीच्या बाटलीत चहाच्या रंगाचा साका खाली बसायला लागला. तलावाच्या बाटलीत दही फाटल्यासारखं पांढरं उतरलं. मागची माणसं पुढे सरकली. एका म्हातारीने बाटलीला बोट लावून पाहिलं.

"पांढरा म्हनजे का जी?" तिने विचारलं.

"म्हणजे या पाण्यात श्वास नाई, आजी. मासोऱ्या गुदमरून मेल्या. कोणी पकडाले काही टाकलं नव्हतं."

मग ती विहिरीबद्दल बोलली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या विहिरीचं पाणी अजिबात पाजायचं नाही. उकळूनही नाही, कारण उकळून हा दोष जात नाही, आटलेल्या पाण्यात तो वाढतोच. बायांच्या घोळक्यात दसरूची सून दिव्यानी उभी होती, दोन महिन्यांचं लेकरू खांद्यावर घेऊन. तिने लेकराच्या डोक्यावर पदर ओढला. दसरूने ते पाहिलं आणि तो ताडकन उठला.

"म्हनजे आमी मारलं सारं? आमी गावाले जहर पाजून राह्यलो?" त्याने तहसीनकडे बोट केलं. "तू कोनाची पोरगी हायेस ते ध्यानात हाये ना? आमच्या बांधीत जे पडते ते येते कुठून? सांग ना सभेले!"

तहसीनने अब्बांकडे पाहिलं. त्यांचा वर केलेला हात केव्हाच मांडीवर येऊन पडला होता.

"माझ्या अब्बांच्या दुकानातून येते," ती म्हणाली. "त्यांनी तुमाले तेच सांगितलं जे त्याईले कंपनीवाल्यानं सांगितलं. पाणी ते मोजत नव्हते. मी मोजत होते. दोन वर्षांपासून मले दिसत होतं, का हा तलाव बिघडून राह्यला. मी ते इंग्रजीत लिहिलं आणि गप्प बसली. तुमच्याइथी येऊन मी सांगाले पाह्यजे होतं. त्याईलेही सांगाले पाह्यजे होतं. चुकी धराची असन त माझी धरा."

कमरुद्दीन उठले. पायजम्याला लागलेली धूळ झटकली, अन्नपूर्णाबाईंना नमस्कार केला आणि स्कूटर चालू करून निघून गेले.

त्यानंतर सतरा दिवस ते मुलीशी बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते शमीममार्फत. "डॉक्टरीणबाईले विचार, चाय घेनार का." तहसीन समोरच बसलेली असायची. "अब्बांना सांग, घेईन." शमीम दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणायची, "मैं क्या पोस्टऑफिस हूँ?" आणि दोघांपुढे कप आदळायची. पण रोज सकाळी तहसीन बसथांब्यापर्यंत न्यायची त्या स्कूटरच्या चाकात हवा भरलेली असायची. पावसाची चिन्हं असली तर छत्री दाराच्या कडीला अडकवलेली असायची. कोणी भरली, कोणी अडकवली, यावर घरात चर्चा होत नव्हती.

बाहेर मात्र चर्चा जोरात होती. सभेचा व्हिडिओ मोबाइलवरून तालुकाभर फिरला. कोणी म्हणालं पोरगी हिमतीची, कोणी म्हणालं बापाचं खाऊन बापावरच उलटली. कोणीतरी प्राचार्यांना फोन केला. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की यापुढे परवानगीशिवाय सभांना जायचं नाही आणि झाल्या प्रकाराचा लेखी खुलासा द्यायचा. तिने खुलासा दिला, एकोणीस पानांचा, सगळ्या आकड्यांसकट. शेवटी लिहिलं की यातला एकही आकडा चुकीचा ठरला तर मी जाहीर माफी मागेन. प्राचार्यांनी तो कपाटात ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

अठराव्या दिवशी ती बसमधून उतरली तेव्हा थांब्यावर श्रावण उभा होता. दुकान उघडलं तेव्हापासून तो कमरुद्दीनकडे कामाला. आता त्याचेही केस पिकले होते. त्याला एवढं घाईघाईने चालताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, आज कंपनीचा सायब आलता," तो म्हणाला. "तुमचं नाव घेऊन बोलून राह्यला होता. भाऊले म्हने, पोरीकडून एक कागद लिहून घ्या, का त्या दिवशी तपासाचं यंत्र बिघडलं होतं. म्हने, एवढं केलं का सारं निपटलं."

"मग?"

"भाऊ म्हनले, सायब, ते यंत्र मी माह्या हातानं धरलेलं हाये. पाच वर्ष आकडे मी लिहिले. एकेक आकडा घ्याले ही पोरगी तीन-तीनदा पान्यात उतरे, मी वरून बोंबलो, का पुरे कर आता, त ऐके नाई. ही पोरगी मोजन्यात चुकत नाई." श्रावण तिच्याबरोबर चालू लागला. "अन् म्हनले, तिनं मले आधी सांगितलं नाई, हे आमचं बापलेकीचं भांडन हाये. त्यात तुमी नोका पडू. चाय घ्या अन् या."

तहसीन घरी गेलीच नाही. सरळ दुकानात गेली. उन्हं उतरली होती, गिऱ्हाईक नव्हतं. कमरुद्दीन गल्ल्यामागे बसून औषधाच्या पिशवीवरचं पत्रक भिंगातून वाचत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली. आज मध्ये शमीम नव्हती.

"अब्बा, मी तुमाले घरी सांगाले पाह्यजे होतं."

"हो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "चारचौघांत ऐकावं लागलं मले. दसरूच्या बाजूले बसून."

"पण सांगितलं असतं त तुमी ऐकलं असतं का?"

कमरुद्दीनने प्रामाणिकपणे विचार केला. विचार करताना ते नेहमी दाढीचं टोक चिमटीत धरायचे. "पहिल्या दिवशी नसतं ऐकलं," ते म्हणाले. "रागावलो असतो. जेवलो नसतो. दुसऱ्या दिवशी ऐकलं असतं. तू मले दुसरा दिवस देलाच नाई, बेटा."

तहसीनला रडू फुटलं. चौतीस वर्षांची बाई, युरियाच्या गोण्यांमध्ये बसून ओढणीने नाक पुसत होती. कमरुद्दीन उठून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. रस्त्यावरून कोणी पाहू नये म्हणून श्रावणने दारात आडवं उभं राहून उगाच झाडू मारायला सुरुवात केली.

"उद्या तो ग्रंथ घेऊन ये," कमरुद्दीन म्हणाले. "वाचून दाखव. मराठीत सांग, हिंदीत सांग, मले समजलं पाह्यजे."

कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली होती. चार दुपारी तिने प्रबंधातलं ते प्रकरण अब्बांना समजावून सांगितलं. ते मध्येच थांबवायचे, परत विचारायचे. आणि तिसऱ्या दुपारी त्यांनी असं काही सांगितलं, जे तिच्या प्रबंधात कुठेच नव्हतं.

"तू म्हनते औषध जास्त पडते. बरोबर. पन तलावात एवढं येते कसं, ते तुले मालूम हाये का? कोसमटोल्यात पान्याची पाळी ठरलेली हाये. वरच्याची बांधी भरली का तो दुसऱ्या दिवशी धुरा फोडून खालच्याले पानी देते. आता त्यानं काल दाने टाकले असन, त आज ते सारे नाल्यात. त्याच्या धानाले कायच लागत नाई. मंग किडा मरत नाई, मंग तो माह्याकडे येते, मंग मी म्हनतो, अजून टाक."

सात वर्षं ती तलावातलं पाणी मोजत होती. बांधीच्या कडेचा बांध, म्हणजे धुरा, फोडून ते कोणत्या दिवशी सोडतात हे तिने कोणालाच विचारलं नव्हतं.

"अब्बा, टाकल्यावर आठ दिवस धुरा बंद ठेवला त?"

"त अर्ध्यातच भागते," कमरुद्दीन म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "लोक भेवानं टाकतात, बेटा. पीक जाईन म्हनून. अन् मी त्या भेवालेच गोनी देत आलो."

दोघं मिळून दसरूकडे गेली. दसरूने बसा म्हटलं, पण चहाचं विचारलं नाही, आणि त्या भागात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कमरुद्दीनने पाण्याच्या पाळीचा हिशोब मांडला. ज्याने औषध टाकलं त्याचा धुरा आठ दिवस फुटणार नाही, खालच्याला तेवढे दिवस सरळ नहरातून, म्हणजे कालव्यातून पाणी. युरिया निम्मा, तोही तीन वेळा थोडाथोडा. तलावाच्या वरच्या काठाला दहा हातांचा पट्टा गवताचा सोडायचा.

"अन् धान कमी झालं त?" दसरूने विचारलं.

"त सभेत उभा करून मले विचार. जसं हिले विचारलं तसं."

दसरू मिशीवरून हात फिरवत बसला. तेवढ्यात दिव्यानी डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली. त्या सभेपासून ती विहिरीचं पाणी भरत नव्हती. शाळेजवळच्या बोअरवेलवरून, अर्ध्या किलोमीटरवरून आणत होती, दिवसातून चार वेळा. त्या बोअरचं पाणी तहसीनने तपासून दिलं होतं. दसरूने तिला हंडा उतरवताना पाहिलं.

"चाय मांडाले सांगतो," तो म्हणाला आणि स्वतःच उठून आत गेला.

पहिल्या हंगामात अकरा शेतकरी तयार झाले. बाकीच्यांनी दुसरं दुकान गाठलं. कंपनीने आपल्या औषधाची एजन्सी काढून घेतली. दुकानावरची कंपनीची पाटी उतरवताना कमरुद्दीन हसत होते, पण त्या रात्री जेवले कमी. अकरा जणांपैकी दोघांचं धान थोडं कमी आलं, बाकीच्यांचं जेवढ्यास तेवढं, दसरूचं तर दोन पोती जास्त. हे दसरूनेच सगळीकडे सांगितलं, आणि मग खालच्या वस्तीतले चौदा जण आपणहून आले.

तलाव एका वर्षात बरा होत नसतो. पुढच्या ऑक्टोबरात पहाटे प्राणवायू तीनच्या आसपास होता. मासे जगतील, पण सुखाने नाही. विहिरीचं नायट्रेट ब्याण्णववरून एकाहत्तरावर आलं होतं. तहसीनने अन्नपूर्णाबाईंना बजावलं की विहिरीवर लावलेली 'बाळांना हे पाणी पाजू नका' ही पाटी काढायची नाही, अजून पाच वर्षं तरी नाही. मीराबाईंनी निम्मंच मत्स्यबीज सोडलं आणि उरलेल्या पाण्यात शिंगाडा लावला. प्राचार्यांनी एक दिवस कपाटातली ती एकोणीस पानं काढून जिल्ह्याच्या बैठकीला स्वतः नेली, परवानगीचा विषय न काढता. आणि तहसीनने आपलं ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं, मराठीत.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती गडचिरोलीहून परतत होती. बस भरलेली. पुढच्या सीटवर दोन शेतकरी बोलत होते. एकाच्या मांडीवर खताची रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली.

"सावलीच्या त्या कमरुद्दीनभाऊच्या दुकानात जाच्याचीच सोय नाई राह्यली बाप्पा," तो म्हणत होता. "औषध मागलं त म्हने, पान्याची पाळी कधी हाये? धुरा कोन फोडते? तलाव कोन्या बाजूले? इतके सवाल त माह्या सासऱ्यानं पोरगी देताना नाई केले."

"मंग देलं का औषध?"

"कायचं देते! म्हने, घरी जा, पान उलटून पाह्य, किडा मोज, मंग ये. मी गेलो, मोजले. चारच निघाले. म्हने, चारले काय घाबरतं, मर्दा?"

"अन् धान?"

पहिल्याने खिडकीबाहेर पाहिलं. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये बगळे उतरले होते.

"झालं ना बरं," तो म्हणाला. "पन सवाल लय करते तो मानूस."

तहसीनने हसू लपवायला चेहरा ओढणीत घेतला. सावली आल्यावर उतरली आणि थांब्यावर गरम वडे पाहून अब्बांसाठी अर्धा डझन बांधून घेतले.